आधी गोष्ट, मग बॉम्ब

प्रोफेसर रूफस एडिंबरात व्याख्यान देत आहेत. हातात एक लहानशी बाटली. आत युरेनियम ऑक्साइड. त्यात युरेनियम भरेल चौदा औंस, म्हणजे जेमतेम चारशे ग्रॅम. किंमत साधारण एक पौंड. बाटली दाखवत ते सांगतात, की हिच्यातल्या अणूंमध्ये जेवढी ऊर्जा निजलेली आहे तेवढी मिळवायची तर एकशे साठ टन कोळसा जाळावा लागेल. ती एका झटक्यात बाहेर पडली तर आपल्या सगळ्यांच्या इथेच ठिकऱ्या उडतील. जपून, हळूहळू सोडता आली तर अख्खं एडिंबरा आठवडाभर उजळून निघेल. वरच्या गॅलरीत डोंगराळ भागातून आलेला, केस राठ उभे राहिलेला एक मुलगा बसला आहे. तो एकही शब्द निसटू देत नाही.

रूफस कधी झालेच नाहीत, तो मुलगाही नाही. दोघे एच. जी. वेल्सच्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीतले. ती प्रसिद्ध झाली १९१४ साली. बाटली मात्र खरी होती. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ग्लासगोला रेडियमवर व्याख्यानं दिली. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं आणि ते वेल्सच्या हाती पडलं. चौदा औंस, एक पौंड, एकशे साठ टन कोळसा हे सगळं सॉडीचंच. वेल्सने आपली कादंबरी चक्क सॉडीच्या त्या पुस्तकाला अर्पण केली आहे. कादंबरीकाराने विज्ञानाच्या पुस्तकाला कादंबरी वाहावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

सॉडीपुढचा पेच असा होता. किरणोत्सारी अणू आपोआप विघटित होतात आणि होताना ऊर्जा बाहेर टाकतात, हे भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डने आणि त्याने मिळून मॉन्ट्रियलला दाखवून दिलं होतं. पण ही ऊर्जा ठिबकत येते. तीही इतकी सावकाश, की युरेनियमचा निम्मा साठा संपायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात. तापवा, गोठवा, आम्लात बुडवा, अणू आपली चाल सोडत नाही. खजिना समोर आहे आणि कुलपाला किल्ली नाही. सॉडी इथे थांबला. शास्त्रज्ञाने इथेच थांबायचं असतं. वेल्स थांबला नाही. किल्ली सापडली असं धरून त्याने पुढची पन्नास-साठ वर्षं लिहून काढली. किल्ली सापडण्याचं सालही त्याने देऊन टाकलं: १९३३.

हा आकडा लक्षात ठेवा.

वेल्सने आधी काय लिहिलं तर बॉम्ब नव्हे, कारखाने. त्याच्या गोष्टीत १९५३ मध्ये अणुशक्तीवर चालणारं इंजिन बाजारात येतं. मोटारी आणि विमानं स्वस्त होतात, कोळशाला कुणी विचारत नाही, खाणी ओस पडतात आणि खाणकामगार रस्त्यावर येतात. या प्रक्रियेतून उरणारा शेवटचा पदार्थ सोनं असतो, त्यामुळे सोन्याचा भाव कोसळतो आणि सोन्यावर उभी असलेली पत ढासळते. वकील पेटंटवरून कोर्टात भांडत राहतात. माणसाच्या हाती अमाप शक्ती आली आहे आणि त्याच वर्षी शहरात भुकेल्यांच्या रांगा लागल्या आहेत. यंत्र नवं आणि कायदा, मालकी, राष्ट्रं ही सगळी चौकट जुनी, म्हणून असं झालं, असं वेल्सचं म्हणणं. बॉम्बपेक्षा ही पानं मला जास्त हलवून गेली.

आपल्याकडच्या वाचकाने थबकावं असा एक तपशील याच पानांत आहे. वेल्सच्या त्या काल्पनिक जगात मोटारी आणि विमानांसाठी जे एक अणू-इंजिन वापरात होतं, त्याचं नाव 'दास-टाटा इंजिन'. भारतातल्या नव्या विचारांतून घडलेल्या दोन बंगाली संशोधकांनी ते शोधलं, असं तो लिहितो. टाटांना बंगाली ठरवण्यात त्याची चूक झाली. पण हे लिहिलं गेलं तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य होतं आणि भारतीय माणूस अणूचं यंत्र बनवेल हे भारतात तरी कुणाच्या ध्यानीमनी होतं का? पुढे मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी टाटांच्याच एका ट्रस्टला पत्र लिहिलं, की दोनेक दशकांत अणूपासून वीज होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर बघावं लागू नये. त्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ऑगस्ट १९५६ मध्ये ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली, आशियातली पहिली. वेल्सच्या दास-टाटांशी याचा कार्यकारण असा काही संबंध नाही. तरी ट्रॉम्बेच्या टेकडीकडे बघताना मला ते नाव आठवतंच.

आता बॉम्ब. 'अणुबॉम्ब' हा शब्द वेल्सने १९१४ मध्ये छापला, तेव्हा अणूला केंद्रक असतं हे कळून तीनच वर्षं झाली होती. त्याचा बॉम्ब म्हणजे दोन फूट व्यासाचा काळा गोळा, उचलायला दोन मुठी. मुठींच्या मध्ये सेल्युलॉइडचं एक बोंड. उघड्या विमानात मागे बसलेला माणूस गोळा उचलून तोंडाशी आणतो, ते बोंड दातांनी तोडतो, म्हणजे आत हवा शिरते, आणि गोळा खाली बर्लिनवर लोटून देतो. खालच्या स्फोटाचा प्रताप ज्याला बघायचा आहे त्याने तो दातांनी सुरू करायचा! हे चित्र वाचताना हसू येत नाही, अंगावर काटा येतो. या बॉम्बचा स्फोट संपतच नाही. 'कॅरोलिनम' नावाच्या कल्पित धातूचं अर्धायुष्य सतरा दिवसांचं; सतरा दिवसांनी जोर निम्मा, पुढच्या सतरा दिवसांनी त्याच्या निम्मा, असा तो जमिनीत घुसून वर्षानुवर्षं धगधगत राहतो. भौतिकशास्त्र म्हणून हे चुकलं. पण बॉम्ब पडून गेल्यावरही ती जागा माणसाला परत मिळत नाही, ही गोष्ट त्याला कळली होती.

आणखी एक गोष्ट त्याला कळली होती. एका हँडबॅगेत मावेल एवढ्या सामानाने निम्मं शहर उद्ध्वस्त करता येतं, हे एकदा ठरल्यावर सैन्य, सरहद्द, किल्ला या शब्दांचा अर्थच बदलतो. वेल्सच्या गोष्टीत शहरं जळून गेल्यावर उरलेसुरले राजे आणि राष्ट्रप्रमुख स्वित्झर्लंडमधल्या ब्रिसागो गावाजवळ डोंगरात जमतात आणि आपापली सत्ता सोडून एक जागतिक शासन स्थापतात. त्याची ही आशा मला भाबडी वाटते. पण ती बॉम्बच्या वर्णनाइतक्याच पोटतिडकीने लिहिलेली आहे.

कादंबरी आली त्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं आणि ती मागे पडली. अठरा वर्षांनी, १९३२ मध्ये, बर्लिनमध्ये एका हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाने ती वाचली. लिओ झिलार्ड, वय चौतीस, जन्म बुडापेस्टचा, ज्यू. पुस्तक आवडलं, पण ते त्याला गोष्टच वाटली. पुढच्या वसंतात हिटलर सत्तेवर होता. झिलार्ड बर्लिनहून व्हिएन्नाच्या गाडीत बसला तेव्हा गाडी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी खचाखच भरली, सरहद्दीवर थांबवली गेली आणि लोकांची झडती सुरू झाली. एका दिवसाच्या फरकाने तो निसटला आणि लंडनला आला.

सप्टेंबर १९३३. वेल्सने दिलेलं साल. लेस्टरच्या विज्ञान परिषदेत रदरफर्ड म्हणाला, की अणूच्या रूपांतरातून कुणी शक्ती मिळवू पाहत असेल तर त्या निव्वळ वाऱ्यावरच्या गप्पा आहेत. १२ तारखेच्या 'टाइम्स'मध्ये ती बातमी आली. झिलार्डने ती वाचली आणि त्याला राग आला. एखादी गोष्ट होणारच नाही, असं कुणी तज्ज्ञ छातीठोकपणे सांगू लागला की त्याला राहवत नसे. तो विचार करत चालू लागला. 'साउदम्प्टन रो' या रस्त्यावर सिग्नल लाल होता म्हणून थांबला. दिवा हिरवा झाला, त्याने रस्त्यावर पाऊल टाकलं, आणि रस्ता ओलांडता ओलांडता त्याला किल्ली दिसली.

किल्ली अशी. आदल्याच वर्षी चॅडविक या शास्त्रज्ञाने न्यूट्रॉन शोधला होता. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे केंद्रक त्याला ढकलून देत नाही. तो दार न वाजवता आत शिरतो. समजा असं एखादं मूलद्रव्य असेल, की जे एक न्यूट्रॉन गिळून फुटेल आणि फुटताना दोन न्यूट्रॉन बाहेर टाकेल? मग ते दोन आणखी दोन अणू फोडतील, चार न्यूट्रॉन निघतील, मग आठ. हीच साखळी अभिक्रिया.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार; राजा हसत हो म्हणतो आणि चौसष्टाव्या घरापर्यंत त्याची कोठारं पुरत नाहीत. एक किलो युरेनियममध्ये अणू असतात साधारण २५ वर २३ शून्यं इतके. तेवढे सगळे फोडायला पटावर एक्याऐंशी घरं पुरतात, म्हणजे नेहमीच्या पटापेक्षा फक्त सतरा जास्त. आणि एका घरातून पुढच्या घरात जायला लागतो सेकंदाचा साधारण दहा कोटीवा भाग. सगळा पट सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत संपतो. यातला सर्वांत थरारक भाग वेगळाच आहे. पहिल्या सत्तर घरांपर्यंत जवळजवळ काहीच घडत नाही. एकूण ऊर्जेचा हजारावा हिस्सासुद्धा बाहेर पडलेला नसतो. जे काही व्हायचं ते शेवटच्या दहा-अकरा घरांत होतं. हिरोशिमावरच्या बॉम्बमध्ये ६४ किलो युरेनियम होतं. त्यातलं किलोभरसुद्धा फुटलं नाही. तेवढ्यात सुमारे पंधरा हजार टन टीएनटीचा स्फोट झाला.

१९३३ मध्ये असं मूलद्रव्य कोणतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. झिलार्डने बेरिलियमवर आशा ठेवली, मग इंडियमवर. दोन्ही वाया गेली. पण मला थांबायचं आहे ते त्याने पुढे काय केलं यापाशी. मार्च १९३४ पासून त्याने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज करायला सुरुवात केली. त्याच महिन्यात एका मोठ्या ब्रिटिश वीज कंपनीच्या संस्थापकाला, सर ह्यूगो हर्स्टला, त्याने पत्र लिहिलं आणि सोबत वेल्सच्या कादंबरीतली काही पानं पाठवली. प्रयोगाचे आकडे त्याच्याकडे नव्हते, एक समीकरणही पुरतं सिद्ध नव्हतं. पुरावा म्हणून जोडायला होती ती गोष्ट.

मग ते पेटंट त्याने गुप्त ठेवायचं ठरवलं. लष्कराच्या खात्याला विचारलं. त्यांनी कळवलं, की यात लपवण्यासारखं काही दिसत नाही. शेवटी १९३६ मध्ये ब्रिटिश नौदलाने ते स्वतःकडे घेऊन कुलपात ठेवलं. ते उघड झालं १९४९ मध्ये. पुढे झिलार्डने स्वतःच सांगितलं आहे, की हे उघड झालं तर काय होईल ते मला ठाऊक होतं, कारण मी वेल्स वाचला होता.

मला या विषयात जे सांगायचं आहे ते सगळं इथे आहे. साखळी अभिक्रिया होऊ शकते, हे झिलार्डला भौतिकशास्त्राने सांगितलं. ती झाल्यावर माणसांचं काय होईल, हे भौतिकशास्त्र सांगू शकत नव्हतं. भौतिकशास्त्राकडे त्या प्रश्नासाठी भाषाच नाही. ते गोष्टीने सांगितलं. विज्ञानकथेतलं यंत्र खरं ठरलं की आपण भविष्यवाणी म्हणून टाळ्या वाजवतो. १९०३ मध्ये वेल्सने जमिनीवर चालणाऱ्या चिलखती गाड्यांची कथा लिहिली आणि १९१६ मध्ये फ्रान्सच्या चिखलात खरे रणगाडे उतरले, हे उदाहरण तर नेहमी दिलं जातं. पण यंत्र कसं दिसेल हे ओळखणं त्यामानाने सोपं. त्याच्या येण्याने घरात, बाजारात, कोर्टात काय उलथापालथ होईल ते आधी जगून बघायचं, हे अवघड काम कथाच करते. १९३४ मध्ये त्या अर्जातल्या कल्पनेला घाबरलेला हा एकच माणूस दिसतो, आणि तो कादंबरी वाचून घाबरलेला होता.

बाकीचा इतिहास भराभर घडला. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला हान आणि श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांनी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले आणि त्यांना बेरियम मिळालं. लिझ माइटनर आणि तिचा भाचा फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला: केंद्रक दुभंगलं आहे. झिलार्डचं मूलद्रव्य सापडलं होतं, आणि ते सॉडीच्या बाटलीतलंच निघालं! ३ मार्च १९३९ च्या रात्री न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात झिलार्ड आणि वॉल्टर झिन यांनी यंत्र जुळवलं. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके उमटले तर न्यूट्रॉन निघतात असं समजायचं. ठिपके उमटले. दोघे थोडा वेळ बघत राहिले, मग बटण बंद करून घरी गेले. त्या रात्री झिलार्डला जग दुःखाच्या वाटेला लागलं आहे याबद्दल शंका उरली नाही. ऑगस्टमध्ये आइन्स्टाइनच्या सहीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, रूझवेल्टला, गेलेलं पत्र मुळात त्याच्याच खटपटीचं. हिटलरच्या हाती हे आधी पडलं तर काय, ही भीती त्यामागे होती.

कथाकार गप्प बसले नव्हते. मे १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याच्याही आधी, 'अस्टाउंडिंग' मासिकात रॉबर्ट हाइनलाइनने टोपणनावाने एक कथा लिहिली. तिच्यात बॉम्बऐवजी किरणोत्सारी धूळ आहे. अमेरिका ती बनवते, ती बर्लिनवर टाकली जाते, युद्ध संपतं, आणि मग खरी अडचण सुरू होते. आज आपल्याकडे आहे ते उद्या दुसऱ्याकडे असेल. त्याला थांबवायचं तर साऱ्या जगावर पहारा ठेवायला हवा. आणि तो पहारा ज्याच्या हाती, तो जगाचा हुकूमशहा. कथा यातून वाट काढतच नाही. 'असमाधानकारक उत्तर' अशा अर्थाचं तिचं शीर्षक आहे. पुढची पन्नास वर्षं मुत्सद्दी ज्या कोड्याशी झगडले, ते दहा-वीस सेंटच्या मासिकात आधीच पूर्ण मांडून झालं होतं.

आणि मार्च १९४४, भाभांनी टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहिलं तो महिना. त्याच 'अस्टाउंडिंग'मध्ये क्लीव्ह कार्टमिलची 'डेडलाइन' ही कथा आली. परग्रहावर 'सिक्सा' आणि 'सेइला' यांचं युद्ध चालू आहे. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की अ‍ॅक्सिस आणि अलाइज, महायुद्धातले दोन पक्ष. कथेत युरेनियम-२३५ वेगळं काढण्याची आणि त्याचा बॉम्ब जुळवण्याची चर्चा आहे. कथा म्हणून ती सुमारच. पण अमेरिकेच्या गुप्तचरांची झोप उडाली, कारण अमेरिकेत हजारो माणसं तेच करत होती आणि ते जगातल्या सर्वांत मोठ्या गुपितांपैकी एक होतं. संपादक जॉन कॅम्बेल आणि लेखक, दोघांची चौकशी झाली. फुटलं कुठून? कुठूनच नाही. यातलं सगळं युद्धाआधी छापलेल्या शास्त्रीय लेखांत आहे, असं कॅम्बेलने सांगितलं, आणि ते खरं होतं. निसर्गाचं गुपित कुलपात राहत नाही. झिलार्डच्या पेटंटबद्दलही अखेर हेच म्हणावं लागतं.

जुलै १९४५ मध्ये झिलार्डने राष्ट्राध्यक्षांच्या नावे अर्ज तयार केला: जपानला शरण येण्याची संधी न देता हा बॉम्ब वापरू नका. सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्या झाल्या. अर्ज ट्रुमनच्या टेबलापर्यंत पोचला नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा झालं. वेल्सने ते पाहिलं; एक वर्ष आणि सात दिवसांनी तो लंडनमध्ये वारला.

आणि झिलार्ड? तो गोष्टी लिहू लागला. १९४९ मध्ये त्याने एक कथा छापली. तिच्यात तिसरं महायुद्ध अमेरिका हरली आहे, रशियन सैन्य आलं आहे, आणि लिओ झिलार्ड नावाच्या शास्त्रज्ञावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला भरला आहे. त्याने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि १९३९ च्या आपल्याच धडपडीचा जाब मागितला. प्रयोगशाळेत हा प्रश्न विचारायला जागा नव्हती.

१९६० मध्ये त्याला मूत्राशयाचा कर्करोग झाला. न्यूयॉर्कच्या इस्पितळात त्याने स्वतःच्या उपचाराची आखणी स्वतःच केली. किरणोत्सर्ग किती आणि कसा द्यायचा हे तो डॉक्टरांना सांगत होता. त्या आजारातून तो बरा झाला. त्याच काळात तो 'डॉल्फिनचा आवाज' ही दीर्घकथा लिहीत होता, जी १९६१ मध्ये पुस्तकात आली. तिच्यात व्हिएन्नाला अमेरिकन आणि रशियन शास्त्रज्ञ मिळून एक संस्था काढतात. डॉल्फिन माणसापेक्षा हुशार आहेत असं त्यांना आढळतं, त्यांची भाषा ते शिकतात, आणि डॉल्फिन एकेक सल्ला देत जगाला शस्त्रं खाली ठेवण्यापर्यंत आणतात. ते खरंच बोलत होते, की त्यांच्या आडून दोन शत्रुराष्ट्रांचे शास्त्रज्ञच एकमेकांशी बोलत होते, हे कथेत शेवटपर्यंत नक्की होत नाही.